टेबलावरच्या बाईचं गोंदण

डॉक्टरकीच्या कॉलेजात मुलं प्रेतांवर शिकतात, त्या खोलीत मी झाडलोट करते. काल टेबलावर एक बेवारस म्हातारी होती. तिच्या मनगटावर हिरवं तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं, अगदी माझ्या हातावर आहे तसंच.

"मावशी, हे कसलं डिझाइन हो?" एका मुलीनं मला विचारलं.

सांगावंसं फार वाटलं. गोंदताना मी रडले तेव्हा आई हात घट्ट धरून म्हणाली होती, "गप गं. दागिने सगळे काढून घेतात, मेल्यावर हे तेवढं बरोबर येतं." हिचाही हात कुणीतरी असाच धरला असेल.

पण इतक्या मुलांसमोर मी माझं मनगट पदराखाली झाकलं. तोवर सर म्हणाले, "नक्षी काय बघतेस? कातडीखालचं बघ, परीक्षेत ते येणार आहे." सगळे हसले. ती मुलगीही हसली.

आज सकाळी गेले तर मनगट सोललेलं होतं. मी बोलले असते तर त्या पोरीनं सुरी जरा बाजूनं फिरवली असती का, कोण जाणे. म्हातारीचं गोंदण बादलीत पडलं होतं, आणि बादली रोज मीच रिकामी करते.