चावलेली काडी

अंधेरीतल्या एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या गाळ्यात एक कारागीर काका बसायचे. बड्या शोरूमसाठी महागड्या चष्म्यांच्या फ्रेम हाताने घडवायचे. एक बाजू घासून झाली की डोळे मिटून ती पापणीवरून फिरवायचे. मी बघतच राहिले, तर म्हणाले, "बोटं निबर झालीत, ताई. खरखर पापणीलाच कळते."

मी बाबांची फ्रेम घेऊन गेले होते. रिटायर झाल्यावर बाबांनी केलेली एकुलती एक चैन. बाबा गेले, आणि मला तिच्यात माझ्या नंबरच्या काचा बसवायच्या होत्या. उजव्या काडीचं टोक पार चावलेलं होतं. शब्दकोडं अडलं की बाबा ते दातांत धरायचे आणि मी ओरडायचे, "एवढी भारी फ्रेम, पार वाट लावलीत!"

"सगळं नव्यासारखं करा, काका," मी सांगितलं.

आठवड्याने गेले तेव्हा फ्रेम मधासारखी चमकत होती. ते टोक मात्र तसंच होतं.

"हे राहिलं ना!" मी जरा चिडूनच म्हटलं.

"मुद्दाम ठेवलंय," मान वर न करता ते म्हणाले. "घासायला दोन मिनिटं लागतात. पण घासलेलं मला परत आणता येत नाही. महिनाभर वापरा, मग सांगा."

त्यांचं नाव विचारायचंही राहून गेलं.

रविवारी शब्दकोडं अडलं. काडी तोंडात कधी गेली, कळलंच नाही. दात थेट त्या जुन्या खाचांत जाऊन बसले.