मशीन आहे तसं चालू द्या

कारखान्यांसाठी क्वालिटी सुधारणारी माणसं तयार करणं हे माझं काम. ठाण्याच्या ऑफिसात त्यांना शिकवायचं, मग एखाद्या कारखान्यात पाठवायचं आणि तिथे काय सुधारलं ते बघून पास-नापास ठरवायचं. मागच्या एका बॅचमध्ये आंबिवलीची एक बाई होती, साधारण माझ्याच वयाची. तिला डोंबिवली एमआयडीसीतला, औषधांच्या बाटल्यांची झाकणं बनवणारा कारखाना मिळालेला. झाकणं सैल निघतात, अशी गिऱ्हाइकांची तक्रार होती.

परीक्षेत तिने सांगितलं, की एखादं झाकण सैल दिसलं की ऑपरेटर लगेच मशीनचं सेटिंग फिरवायचा आणि पुढच्या पाळीचा माणूस ते उलटं फिरवायचा. तिने सगळ्यांना एवढंच म्हटलं, मशीन आहे तसं चालू द्या. झाकणं नीट यायला लागली.

माझ्यासोबतच्या परीक्षकांनी विचारलं, यात तुम्ही बदललं काय? ते तिला नापास करायला निघाले. मला पटेना, पण पास कशावर करायचं तेही सुचेना. म्हणून मीच तिला घेऊन डोंबिवलीला गेले. झाकणं खरंच घट्ट बसत होती. मात्र बोलता बोलता मालक म्हणाले, त्याच आठवड्यात आम्ही झाकणं ज्यापासून बनतात तो प्लास्टिकचा दाणाही बदललेला.

मी तिला बाजूला घेतलं.

"हे तुमच्यामुळे झालं की नव्या दाण्यामुळे?"

"मॅडम, आता मलाही कळत नाहीये. दाण्याचं मला कोणी बोललंच नव्हतं."

मालकांना विनवून आम्ही एक दिवस जुना दाणा चालवायला लावला. सकाळची झाकणं चांगली आली, दुपारची सैल. मशीनला कोणी हात लावला नव्हता, निदान सगळे तसंच सांगत होते. आम्ही दोघी क्रेटपाशी उभ्या राहून एकेक झाकण बाटलीवर फिरवत राहिलो. डोकं चालेना.

शेवटी मी तिला पास केलं. परीक्षकांना म्हटलं, जे कळलं नाही ते कळलं नाही असं ती सांगते, मला तेवढं पुरे. पुढचे दोन दिवस ते माझ्याशी नीट बोलले नाहीत.

आता ती आमच्याच ऑफिसात शिकवते. परवा वर्गात एकीने विचारलं, सुधारणा आपल्यामुळेच झाली हे ओळखायचं कसं? ती फळ्याकडे वळली. मी मागच्या बाकावर बसून ऐकायला लागले.