ट्रॅक्टरचा पाळणा

ट्रॅक्टरबरोबर एक लोखंडी चौकट आली होती. ट्रॅक्टरच्या मागे जे दोन हात असतात त्यांच्यावर ती बसवायची, आणि दांडा ओढला की ती कमरेइतकी वर उचलली जाई. तळाला पत्रा, तीन बाजूंना कठडे. सरपण, कडबा, पोती, काहीही त्यात घालून न्यावं. गावानं तिला पाळणा म्हणायला सुरुवात केली आणि आम्हीही तेच म्हणू लागलो.

बाबा यवतमाळला कचेरीत होते. बाभुळगावकडची शेती दादा पाहायचा. मी नागपूरच्या इंग्रजी शाळेतली परीक्षा देऊन त्या उन्हाळ्यात शेतावर राहायला आले होते, आणि माझा आवाज घरातल्यांनाही क्वचितच ऐकू येई. ट्रॅक्टरचं इंग्रजी पुस्तक दादानं माझ्या हातात दिलं होतं. "तेलाचं पान तेवढं काढून दे," म्हणाला. मी सगळंच वाचून काढलं.

चैत्र सरता सरता घरची विहीर आटली. पाणी उरलं ते नाल्यात खणलेल्या झिऱ्यात. दादानं ठरवलं की पाळण्यातून ड्रम आणायचे. पण पहिल्याच ओझ्याला पत्र्याला पोट सुटलं. मग लोहार आला. त्यानं जुन्या बंडीच्या चाकांच्या लोखंडी धावा तापवून सरळ केल्या, पत्र्याखाली आडव्या ठोकल्या, वर सागवानी फळ्या बसवल्या. काम देखणं झालं होतं. पण चार ड्रम मावेनात.

"मागं दीड हात वाढवा," आमचा म्हातारा बंडीवाला म्हणाला. त्याला आम्ही मामा म्हणत असू. चाळीस वर्षं त्यानं बैल हाकले होते. "भार मागं घ्या. जनावराच्या मानेवर कायले टाकता?"

"हे जनावर हाये काय, मामा?" लोहार हसला.

"ओढते ते जनावरच."

बंडी भरताना बैलांची मान हलकी राहावी म्हणून ओझं मागं सरकवतात, हे मी रोज पाहत होते. पण पुस्तकात नेमकं उलटं लिहिलं होतं. ओझं मागच्या चाकांच्या जितकं जवळ तितकं बरं. लांब गेलं तर पुढची चाकं उचलली जातील, आणि चढावर ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर उलटेल. शेजारी एक चित्रही होतं. चित्रातला माणूस दिसत नव्हता, फक्त त्याची टोपी बाजूला पडलेली होती.

मी भात्याजवळ जाऊन म्हटलं, "पुस्तकात असं नाही लिहिलेलं."

"बाई, पुस्तकाले घन मारता येते काय?" लोहार म्हणाला. सगळे हसले. दादाही हसला. मी घरात निघून गेले.

पाळणा दीड हातानं लांब झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादानं दोन ड्रम भरून लांबच्या सपाट वाटेनं आणले. सगळ्यांनी ट्रॅक्टरभोवती फिरून पाळणा वाखाणला. ड्रम रिकामे करून तो परत निघाला तेव्हा म्हणाला, "आता चार आणतो, आणि सरळ काठावरून चढवतो. कोण एवढा वळसा घालत बसणार!" लोहार त्याच्या मागोमाग नाल्याकडे चालत गेला. आपलं काम त्याला बघायचं होतं.

मी अंगणात उभी राहिले. धुळीत चाकांचे ठसे होते. जातानाचे, रिकाम्या ट्रॅक्टरचे, पुढच्या चाकांचे ठसे खोल आणि स्वच्छ होते. भरून येतानाचे पुसट. फाटकाजवळ थोडा चढ आहे, तिथे तर जेमतेम रेघ उरली होती. दोनच ड्रम होते तेव्हा. मामा बैलांना वैरण टाकत होता. हरवलेली गाय तो खुरांवरून शोधून आणायचा. मी त्याच्याजवळ जाऊन ठशांकडे बोट केलं.

तो उकिडवा बसला. फाटकापर्यंत ठसे बघत गेला.

"अरे बाप्पा," तो म्हणाला. "उलार झाली हे तं."

मागं जड होऊन बंडी उलटायला आली की तिला उलार म्हणतात. मग ती जू वर घेऊन बैलांच्या गळ्याला फास लावते. मामा धावायला लागला. सत्तरीचा माणूस. मीही धावले, चप्पल वाटेतच सुटली.

आम्ही काठावर पोचलो तेव्हा ट्रॅक्टर खालून अर्ध्या चढावर आला होता आणि त्याची पुढची दोन्ही चाकं हवेत होती. वीतभर, मग हातभर. दादा सुकाणू फिरवत होता आणि ते नुसतंच फिरत होतं. मामाला ओरडता येईना, दम लागला होता. दादानं क्लच दाबला असावा. ट्रॅक्टर घसरत मागं गेला, पाळण्याची शेपटी वाळूत रुतली, आणि पुढची चाकं धाडकन खाली आदळली.

"थांब, आता जोरात घेतो!" दादा ओरडला. लोहार मागून म्हणाला, "घ्या भाऊ, लोखंड पक्कं हाये!"

लोखंड पक्कंच होतं. प्रश्न लोखंडाचा नव्हताच.

मी उतरून चढाच्या मधोमध उभी राहिले.

"बाजूला हो!"

"नाही होत."

"काहून?" दादा चिडून गड्यांच्या बोलीत गेला. "मरायचं हाये काय तुले?"

"दादा, दोन ड्रम ओत. आणि ट्रॅक्टर फिरवून उलटा चढव. पाळणा काठाकडे, तोंड नाल्याकडे. पुस्तकात आहे." माझा आवाज फाटला होता. एवढी वाक्यं मी त्याच्याशी एका दमात कधी बोलले नव्हते.

कुणी हसलं नाही. दादा मामाकडे बघत राहिला.

"आयका तिचं," मामा म्हणाला. "चूक माही हाये, भाऊ. मी बैलाचं पाह्यलं."

दोन ड्रम वाळूत ओतले. इतक्या कष्टानं भरलेलं पाणी वाळूनं क्षणात पिऊन टाकलं, आणि दादानं तिकडे पाहिलं नाही. मग ट्रॅक्टर मागं मागं चढू लागला. लोहार दगड घेऊन चाकाबरोबर चालत होता. दादाची मान मागं वळलेली, ओठ दाताखाली. मी पुढच्या चाकांवरून डोळे काढले नाहीत. ती शेवटपर्यंत जमिनीला धरून राहिली.

दादा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी लोहार पुन्हा भाता घेऊन आला. दादानं मला अंगणात बोलावलं, खडू दिला आणि पाळण्याच्या फळीकडे हात केला.

"कुठून कापायचं?"

मी आत जाऊन पुस्तक आणलं, पान पुन्हा एकदा वाचलं आणि फळीवर रेघ ओढली.

"बाई, अजून चार बोटं आत घेऊ काय?" लोहारानं विचारलं.

"घ्या," मी म्हटलं.