मयत नको, जखमी चालेल

"गेलं कसं?"

माझ्या वखारीत आल्या आल्या आप्पांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. मी दचकलोच. पोलीस पाटील दारात आला की गावाकडचा माणूस उगाच उठून उभा राहतो, मग पाटील निवृत्त का असेना. त्यात हा असला प्रश्न.

"कोण गेलं, आप्पा?"

"ह्ये." सागाच्या एका फळीवर त्यांनी उलटा हात ठेवला होता, पोराचा ताप बघावा तसा. "ह्ये झाड गेलं कसं?"

मी सांगितलं, चंद्रपूरकडचा लिलावातला माल आहे, एक नंबर, नातवंडांच्या लग्नापर्यंत हलायचा नाही.

"त्ये गेल्यानंतरचं झालं. गेलं कसं त्ये सांगा."

"तोडलं, आप्पा. झाडं तोडतातच की."

"म्हंजी खून," आप्पा म्हणाले. त्यांनी हात काढून घेतला आणि धोतराला पुसला.

आप्पा खुटबावकडचे. उमेद होती तोवर गावचं पोलीस पाटीलपण त्यांच्याकडं होतं. कुणी विहिरीत पडलं, कुणी रेल्वेखाली गेलं, कुणाला पाण्याच्या मोटारीच्या वायरीनं धरलं, की आधी आप्पांना निरोप जायचा. वर्दी द्यायची, पंच गोळा करायचे, फौजदार येईपर्यंत मयताशेजारी बसून राहायचं. काम सुटलं तरी कामाची भाषा सुटत नाही अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आप्पांच्या चहात माशी पडली तर ते ती बोटानं बाजूला काढून म्हणायचे, "अकस्मात मयत." आणि उरलेला चहा पिऊन टाकायचे.

त्यांना लाकडी जमीन हवी होती, काकींसाठी, म्हणजे त्यांच्या बायकोसाठी. दोन हजार सालानंतरचे ते दिवस. उसाचा पैसा खेळता झाला होता आणि गावोगावच्या नव्या बंगल्यांना चकचकीत टाइल्स बसायला लागल्या होत्या. आप्पांच्या पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलानंही गावात घर बांधलं आणि तोंड दिसेल अशी पांढरी फरशी घातली. वास्तुशांतीच्या आठवड्यातच काकी तिच्यावर घसरल्या. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, सळई बसली, डॉक्टर म्हणाले चाला. पण काकी खाटेवरून पाय खाली टाकेनात.

"खाली बघितलं की मीच दिसते," त्या सांगायच्या. "आडवी पडल्याली."

फरशीवर गोणपाट टाकून झालं, सतरंज्या टाकून झाल्या. गोणपाटाखालीसुद्धा फरशी आहे हे काकींना माहीत होतं. शेवटी डॉक्टरच वैतागून म्हणाले, लाकडाची जमीन करा, पाय धरेल. म्हणून आप्पा माझ्याकडं आले होते, आणि माझ्या वखारीतला अख्खा माल खुनाचा ठरवून परत चालले होते.

"आप्पा, जमीनच करायचीय ना? त्यात कशाला एवढी चौकशी?"

ते वळले. "वखारवाले, ज्याच्या अंगावरनं मरस्तोवर चालायचं, त्याला कुणी मारलं ह्ये ठावं नगं व्हय?"

  

मग मुलानं पुण्याहून एक टायवाला माणूस पाठवला. त्याच्या बॅगेत लाकडासारख्या दिसणाऱ्या फरशीचे हातभर नमुने होते आणि तोंडात दर वाक्याला 'इको-फ्रेंडली' हा शब्द. आप्पांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं, पंच म्हणून. त्या माणसानं एक गुळगुळीत पट्टी आप्पांच्या हातात दिली.

"ह्ये कुठलं झाड?"

"सर, हे एका झाडाचं नाही. भुसा, चोथा, सगळं एकत्र दाबून बनवतात. काही वाया जात नाही. पर्यावरणाची काळजी घेतल्याचं कंपनीचं सर्टिफिकेट आहे."

"दाखला कुणी दिला?"

"कंपनीनंच, सर."

"ज्याच्यावर आळ, त्याचाच जबाब," आप्पा माझ्याकडं बघून म्हणाले. मग पट्टी उलटीसुलटी करून त्यांनी ती हळूच टेबलावर ठेवली. "आन् ओळखबी पटत न्हाई. बेवारस."

टायवाला चहा न घेता गेला.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला वादळात गावाबाहेरचा एक मोठा कडुनिंब पडला. शेताच्या मालकानंच सांगावा धाडला, आप्पा, घेऊन जा, आपोआप पडलंय. आप्पांना इतका आनंद झालेला मी पहिल्यांदाच पाहिला. माझा मिस्त्री आणि करवत घेऊन आम्ही पोचलो. पण आप्पांनी करवत लावू दिली नाही. ते झाडाभोवती फिरले, मुळांपाशी उकिडवे बसले, माती चाचपली. एका अंगाची मुळं सुरीनं कापल्यासारखी सरळ तुटलेली होती. त्या बाजूनं मालकानं उन्हाळ्यात जेसीबीनं पाइपलाइनचा चर काढला होता.

"वाऱ्यानं पाडलं व्हय?" आप्पांनी विचारलं.

"वाऱ्यानंच की, आप्पा."

"वारा नंतर आला. आधी तुमचा जेसीबी आला." ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "सदोष मनुष्यवध."

मालक बिचारा घाबरून म्हणाला, "आप्पा, जामीन मिळंल ना?"

त्यानंतर निमोण्याची चिंच. निमोणे म्हणजे काकींचं माहेर. त्यांच्या धाकट्या भावाच्या बांधावरची जुनी चिंच उभ्या उभ्या वाळली होती. वय झालं होतं, पानं गळाली, संपली. नैसर्गिक मृत्यू. काकींनी खाटेवरून निक्षून सांगितलं, "ह्या खेपेला चौकशी न्हाई. माझ्या भावाचं झाड हाय."

आप्पा हो म्हणाले. निमोण्यात पोचल्यावर मेव्हण्याच्या हातचं पाणीसुद्धा प्यायले. मग सहज म्हणून बुंध्याला टेकले, आणि पाठीला काय बोचलं म्हणून वळून पाहिलं. मातीनं लिंपलेलं एक भोक होतं. आप्पांनी काडीनं माती उकरली, काडी नाकाशी नेली.

"हिंग," ते म्हणाले.

झाड मारायचं तर बुंध्याला भोक पाडून हिंग भरतात, अशी आमच्याकडं समजूत आहे. मेव्हणा ओट्यावर बसला होता तो एकदम रडायलाच लागला. "दाजी, सावली पडायची वं. तेवढ्या पट्ट्यात कांदा पोसायचाच न्हाई. मी एकट्यानं न्हाई केलं, हिनं हिंग दिला." आणि त्यानं बायकोकडं बोट दाखवलं. बायकोनं हातातला तांब्या तिथंच ठेवला आणि त्याचा असा काही उद्धार केला की आप्पांना दोघांच्या मधे उभं राहावं लागलं.

 परतीच्या वाटेवर, भीमेचा पूल ओलांडल्यावर, आप्पा जीपमधे एवढंच म्हणाले, "हिला काय सांगायचं? भाऊ हाय तिचा."

काकींना त्यांनी सांगितलं की चिंचेला भुंगा लागला होता. त्यांच्या उभ्या आयुष्यातला हा एकमेव खोटा जबाब असावा.

इकडं काकींचं चालणं राहिलंच होतं. घरात फिरता यावं म्हणून मी त्यांच्या खाटेला चाकं बसवून दिली. ती माझी अक्कल, आप्पांची नव्हे. आप्पा सकाळी खाट ढकलत स्वयंपाकघरात न्यायचे, दुपारी पडवीत, केळ्यांची गाडी ढकलावी तशी. घरातल्या उताराकडं मात्र कुणी लक्ष दिलं नव्हतं. काकी कुशीवर वळल्या की खाट आपली आपण निघायची. एकदा आलेल्या पाहुण्यांशी बोलता बोलता काकी हळूहळू न्हाणीच्या दिशेनं निघून गेल्या, आणि पाहुणे त्यांच्याशी बोलत बोलत मागोमाग गेले.

आम्ही हसायचो. काकीसुद्धा हसायच्या. पण पाय बारीक होत चालले होते. डॉक्टरांनी आप्पांना बाजूला घेऊन सांगितलं, आता उठल्या नाहीत तर पुढं उठणार नाहीत.

त्या दिवशी मी रागानं बोललो. "आप्पा, मेलेल्या झाडांची चौकशी पुरे करा. तुमच्या न्यायात काकींचे पाय जातील."

आप्पांनी टोपी काढली, आत पाहिलं, परत घातली. मग ते निघाले.

पुढं पुष्कळ दिवस ते वखारीकडं फिरकले नाहीत. मग एका सकाळी आले ते रक्तबंबाळ होऊन. हातांवर, पोटऱ्यांवर ओरखडे, धोतर फाटलेलं, आणि काखेत वेड्या बाभळीची एक फांदी. वेडी बाभळ तुम्हाला माहीत आहे. कालव्याकडेला, नदीकाठी, गायरानात, कुणी न लावता वाढते, कुणी न सांगता पसरते. राहूपासून पार भीमेपर्यंत तिचंच राज्य. वीटभट्टीत जाळायची, कोळसा पाडायचा, याखेरीज तिला कुणी विचारत नाही.

"वखारवाले," आप्पा धापा टाकत म्हणाले, "ही मरतच न्हाई!"

"म्हणजे?"

"भट्टीवाल्यांनी गेल्या साली तोडल्याली, त्याच खोडाला धा फांद्या. ह्या साली परत तोडली, परत फुटली. मी समदा कालवा बघून आलो. मयत एक न्हाई. समद्या जखमी."

"आप्पा, ते जळण आहे. जळणाची जमीन कुणी करतं का?"

"एका झाडाची एकच फांदी घ्यायची," आप्पा माझं ऐकतच नव्हते. "बुडाला हात लावायचा न्हाई. किरकोळ दुखापत. त्याला आपली तयारी हाय."

पुढचे काही महिने आमच्या वखारीत जे चाललं ते बघायला लोक आडवाट करून येत. आप्पा बैलगाडीतून फांद्या आणायचे, वाकड्या, पिळदार, काट्यांच्या. सरळ हातभर तुकडा मिळाला तर नशीब. माझा मिस्त्री बिहारचा. त्याच्या करवतीच्या पट्ट्याची एकेक धार जायला लागली तसा तो कपाळाला हात लावायचा, "सेठ, ये लकड़ी नहीं, पत्थर है. और चाचा बोलते हैं ज़ख्मी है. ज़ख्मी तो हम हो रहे हैं."

पण चिरल्यावर आतून जो रंग निघाला, तो मिस्त्रीसुद्धा तुकडा उन्हात धरून बघायला लागला. काकवीसारखा, गडद, तांबूस. तुकडे सावलीत सावकाश वाळवले तरी वाकले नाहीत की चिरले नाहीत. वाळेपर्यंत काकींनी कळ काढली. मग हातभराचे, वितीचे, मिळतील तसे तुकडे एकमेकांत बसवून आम्ही त्यांची खोली भरली आणि जवसाचं तेल चोळलं. त्या जमिनीत आपलं तोंड दिसत नव्हतं. तेवढंच तर हवं होतं.

काकी पहिलं पाऊल टाकणार त्या दिवशी आप्पांनी पंच बसवले. खरंच बसवले. दोन शेजारी, एक माजी सरपंच, मी आणि मिस्त्री, असे पाच जण भिंतीला ओळीनं.

काकी खाटेवरून म्हणाल्या, "ह्यास्नी आधी भायेर घालवा. मी काय मयत हाय का?"

आम्ही दाराबाहेर गेलो. पण दार उघडंच होतं आणि खरं सांगायचं तर कुणी नजर वळवली नाही. आप्पा काकींसमोर उभे राहिले, दोन्ही हात पुढं करून, उलटे चालायच्या तयारीनं. काकींनी एक पाय खाली सोडला. अंगठ्यानं लाकूड चाचपलं.

"हिला काटं असत्यात."

"काढल्यात."

"समदं?"

"समदं. मी सोता काढल्यात."

त्यांनी दुसरा पाय टेकला. उभ्या राहिल्या. मग त्या पुढं येत आणि आप्पा मागं सरत, असे दोघं खिडकीपर्यंत गेले. तिथं आप्पांची पाठ भिंतीला आपटली. काकी एवढ्या हसल्या की आम्हाला वाटलं आता परत पडतात. पडल्या नाहीत.

त्यानंतर काकी त्या खोलीत रोज चालायच्या. उंबऱ्याबाहेर मात्र पांढरी फरशी होती. तिथं यायला त्या तयार नसत. आप्पांनी ठरवलं, लाकूड हॉलमधेही न्यायचं. पण एका झाडाची एकच फांदी, आणि तीही सरळ हवी, असला त्यांचा कायदा. वर्षाकाठी जेमतेम एक-दोन ओळी पुढं सरकायच्या. मी म्हणायचो, आप्पा, दोन फांद्या घेतल्या तर काय बिघडतंय? ते म्हणायचे, "दोन म्हंजी गंभीर दुखापत." लाकूड उंबऱ्याबाहेर आलं, भिंतीच्या कडेनं देवघराकडं निघालं आणि हॉलच्या मधे कुठंतरी अडलं.

आप्पा गेले ते हिवाळ्यात. छातीत कफ झाला म्हणून दौंडच्या दवाखान्यात ठेवले होते, तिथंच. सकाळी मुलानं त्यांना घरी आणलं आणि हॉलमधे, पांढऱ्या फरशीवर, घोंगडी अंथरून निजवलं. आम्ही भोवती उभे होतो. आतल्या खोलीतून काकी निघाल्या. कुणाचा आधार न घेता, लाकडावरून, उंबरा ओलांडून. जिथं लाकूड संपत होतं तिथं त्या थांबल्या.

सुनेनं धावत जाऊन हात धरायला पाहिलं. "आत्या, थांबा, गोणपाट टाकते."

काकींनी तिचा हात बाजूला केला आणि पाय फरशीवर टाकला. मग दुसरा.  त्या चालत आप्पांपर्यंत गेल्या, भिंतीला धरून सावकाश खाली बसल्या. तोंडावरून हात फिरवला. मग नजर पायांकडं गेली. दवाखान्यात थंडी म्हणून मुलानं घातलेले लोकरीचे मोजे तसेच पायात होते.

"ह्ये आधी काढ," काकी मुलाला म्हणाल्या. "ह्या फरशीवर घसरत्याल त्ये."

कुणी हसलं नाही. मुलगा आप्पांच्या पायांशी बसला आणि त्यानं एकेक मोजा हळूच उतरवला.