आधी बस, मग बोल

हौसामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी तलावाकडच्या खोलीत एका पलंगाची चादर ओढून बघत होते. गॅलरीचं दार उघडं राहिलं होतं, धुकं आत येऊन पडद्याशी रेंगाळत होतं. "ताई, आई गेल्या. झोपेतच," त्यांची सून सुनीता म्हणाली. मी 'बरं' म्हटलं. बरं! काय बोलतोय तेही कळेना... झोपेत गेल्या म्हणजे निदान आडव्या होऊन गेल्या, एवढंच आधी मनात आलं. रडू त्यानंतर आलं, आणि आलं ते थांबेचना.

मुळशीच्या पाण्याकाठी आमचं रिसॉर्ट आहे. मावशी तिथे हाउसकीपिंगला होत्या, जवळच्या माले गावाहून सकाळच्या जीपने यायच्या. मी कोथरूडहून सुपरवायझर म्हणून आले ती नवेकोरे बूट आणि हॉटेल-शिक्षणाचा तोरा घेऊन. अक्कल मात्र यथातथाच. चादर कशी खोचायची ते मला कॉलेजात शिकवलं होतं, पण तिच्यावरून तळहात फिरवून तिला गप्प कसं करायचं ते मावशींनी शिकवलं. पाहुणे दहा-दहा वाजेपर्यंत उठायचे नाहीत. दारावरची 'त्रास देऊ नका'ची पाटी बघून मावशी हसायच्या. "झोप इकत घ्याया येत्यात बिचारे, पार पुण्या-मुंबैवरनं!" त्यांना त्यात हेवा नव्हता, खरंच कीव होती.

आमच्याकडे नियम होता, ड्यूटीवर कुणी बसायचं नाही. पाहुण्याला बसलेला माणूस दिसता कामा नये. पण चादरी-टॉवेलच्या मागच्या खोलीत पाहुणा कधी चुकूनही येत नाही, तिथेसुद्धा साधं स्टूल नव्हतं. मग मावशी उभ्यानेच झोपायच्या. दुपारी ट्रॉलीच्या दांड्यावर दोन्ही हात, हातांवर हनुवटी, खिडकीतून दिसणाऱ्या पाण्याकडे तोंड, आणि डोळे मिटलेले. पाच मिनिटं, कधी सात. मी दारात थबकायचे आणि मलाही पेंग यायची. सगळीकडे पांढरंच पांढरं, चादरी, टॉवेल, बाहेर धुकं... आणि मध्ये ती बाई, तरंगत असल्यासारखी. जाग आली की म्हणायच्या, "काम लई ग्वाड हाय पोरी. पायांना तेवडं सांगाया पायजे कुनीतरी."

वर्षाकाठी एक फॉर्म यायचा, कर्मचाऱ्यांच्या समाधानाचा. रडक्या तोंडापासून हसऱ्या तोंडापर्यंत पाच चित्रं, त्यातल्या एकावर खूण करायची आणि खाली दोन ओळी लिहायच्या. मावशींना लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यांचा फॉर्म मी भरायला घेतला. हसऱ्या तोंडावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "ह्याला पाय न्हाईत, म्हनून हसतोय त्यो. खाली लिव, बसाया जागा पायजे." मी मान डोलावली, पेनही हलवलं. आणि त्या खोलीबाहेर गेल्यावर हसऱ्यावर खूण करून दोन्ही ओळी कोऱ्या ठेवल्या. नवी नोकरी, माझ्याच मजल्यावरून तक्रार वर गेली तर? पुढे त्यांनी दोनदा विचारलं, "लिवलंस न्हवं?" मी दोन्ही वेळा बिनदिक्कत 'हो' म्हटलं. जीभ झडली नाही माझी!

मग गुडघे गेले आणि मावशींनी काम सोडलं. मी अधूनमधून मालेला जायचे. मी काही सांगायला लागले की त्या हात वर करून थांबवायच्या. पायाने पाट पुढे सरकवायच्या आणि म्हणायच्या, "आधी बस, मग बोल." शेवटच्या भेटीत मी त्या पाटावर बसले आणि सांगून टाकलं, "मावशी, मी तेव्हा लिहिलंच नव्हतं." त्या भाताच्या खाचरांकडे बघत होत्या. ऊन कलतं होतं.

"ठाव हाय मला. लिवलं असतंस तर येक तरी मानूस इचाराया आला असता."

"मग बोलला का नाहीत मला?"

"काय बोलू? तू बी उभीच व्हतीस की."

त्यांनी सुनीताला चहा टाकायला सांगितला आणि चहा संपला तरी मला पाटावरून उठू दिलं नाही...

त्या गेल्यानंतर भेटायला गेले तेव्हा सुनीताने तो पाट जुन्या साडीत गुंडाळून माझ्या हातात दिला. "आईंनी सांगून ठिवलं व्हतं. म्हनल्या, तितं कामाला यील." आता तो मागच्या खोलीत चादरींच्या फळीखाली असतो. दुपारी हाउसकीपिंगच्या मुलींपैकी कुणी ना कुणी त्यावर टेकलेली असते, पण माझी चाहूल लागली की ताडकन उठते. मला बघून माणसं उठतात, हे मला फार लागतं.

गेल्या आठवड्यात यंदाचा फॉर्म आला. या खेपेला मी माझा स्वतःचा भरला. एकाही तोंडावर खूण केली नाही. खाली माझ्या नावाने लिहिलं, 'इथे कुणालाच बसायला जागा नाही, मलाही नाही.' आणि वर पाठवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मॅनेजरसाहेब मागच्या खोलीच्या दारात आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! हातात माझा कागद, कपाळाला आठ्या. "मॅडम, हे काय लिहिलंय तुम्ही?" मुली भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. माझा पाय आपोआप फळीखाली गेला आणि पाट पुढे आला.

"आधी बसा साहेब," मी म्हटलं, "मग बोलू."