न निवलेला माठ

"वहीत लिहिलंय, तापमान पाच अंशांनी कमी झाले. मला तर दोन्ही माठांत सारखंच दिसतंय," थर्मामीटर डोळ्यांजवळ धरून इन्स्पेक्टर साहेब म्हणाले.

मी शेजारीच उभा होतो. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरातल्या एका शाळेत मी आठवीला विज्ञान शिकवत होतो, अजून प्रोबेशनवर. म्हणजे नोकरी होती, पण कायम नव्हती. ती या इन्स्पेक्शनच्या शेऱ्यावर ठरणार होती. त्यातच माझं लग्न जमलं होतं, आणि 'कायम झालात की तारीख काढू' असं होणाऱ्या सासऱ्यांनी गोड शब्दांत बजावलं होतं.

प्रयोग अगदी साधा. एक कोरा माठ, दुसरा बाहेरून ऑइलपेंट फासलेला. कोऱ्या माठातून पाणी झिरपतं, हवेत उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. म्हणून आतलं पाणी थंड होतं. पुस्तकात याला बाष्पीभवन म्हणतात. रंगवलेल्याची छिद्रं बुजलेली, त्यामुळे तो ढिम्म.

असे प्रयोग मी पाच-सहा जणांच्या गटात करायला द्यायचो. गटात मुलं घरचीच बोली बोलायची.

"थर्मामीटर काहून हलवून राहिला गा?"

"तुले वाचता येते काय वं?"

"येते! दे मले!"

कल्ला व्हायचा, पण भांडत-भांडत मुलं उत्तरापाशी पोचायची. मग तेच पुस्तकी भाषेत लिहायचं, अशी माझी पद्धत. इन्स्पेक्शन जवळ आली तेव्हा मुख्याध्यापक एकदा दारात येऊन उभे राहिले.

"हा वर्ग आहे की बाजार?"

"सर, चर्चा चाललीय."

"चर्चा शुद्ध भाषेत करतात. साहेबांसमोर ते 'काहून' ऐकू आलं तर बघा."

मी स्वतः काटोलकडचा. घरी मीही 'काहून'च म्हणायचो. पण सत्तेपुढे शहाणपण चालत नाही. मी फर्मान काढलं: गटात फक्त पुस्तकी भाषा. दुसऱ्या दिवसापासून वर्ग चिडीचूप. मला वाटलं, शिस्त लागली. खरं तर मुलांनी बोलणंच सोडलं होतं. गटातला एक हुशार मुलगा पाठ केलेलं वाक्य म्हणायचा, बाकीचे उतरवून घ्यायचे.

तालीम आम्ही जूनच्या शेवटी, पाऊस लांबल्यामुळे रखरखीत उन्हात केली होती. फरक आला पाच अंशांचा. वाक्य सगळ्यांना तोंडपाठ झालं. साहेब आले ते जुलैत, आठ दिवसांच्या संततधार झडीनंतर. भिंती ओल्या, बाकं ओली, मुलांचे कपडेही ओले. पारा हलायला तयार नव्हता. वह्यांत मात्र पाच अंश उतरले होते.

साहेबांनी मॉनिटरला उभं केलं.

"बाष्पीभवनामुळे तापमान पाच अंशांनी कमी झाले," तो एका दमात म्हणाला.

"तू पाहिलंस?"

मॉनिटर छताकडे बघू लागला. मागच्या बाकावर सुनंदाचे ओठ हलताना दिसले. ही पूर्वी गटात सगळ्यात जास्त भांडायची. मी नाव घेतल्यावर उभी राहिली, साहेबांसोबत आलेल्या मुख्याध्यापकांकडे बघितलं आणि मान खाली घातली. मला माझीच लाज वाटली. पोरांना मी न पाहिलेलं लिहायला शिकवलं होतं.

"सुनंदा, घरी बोलतेस तशी बोल," मी म्हणालो. मुख्याध्यापक खाकरले.

"सर, खोटं लिवलं जी आमी. पाणी थंडं झालंच नाही."

"काहून नाही झालं?" हे माझ्याच तोंडून निसटलं. मुख्याध्यापकांनी डोळे मिटून घेतले.

"हवाच ओली हाये न जी. मंग माठातलं पाणी जाईन कुठी? झडीत मायचं लुगडं तीन दिवस वाळत नाही. तसंच हे."

बस्, बांध फुटला. "हो जी! झडीत कूलर बी कामाचा नाही!" एक मुलगा ओरडला.

"चूप गा! तुह्या घरी कूलर हाये काय?"

"मामाच्या हाफिसात हाये!"

साहेब पोट धरून हसले. मग म्हणाले, "ठीक. आता हेच पेपरात कसं लिहाल? पाच मिनिटं घ्या."

पाच मिनिटं वर्गाने नुसता गोंधळ घातला. मी कोणालाही गप्प केलं नाही. शेवटी सुनंदाने गटाचं वाक्य वाचलं: "हवेत आर्द्रता जास्त असल्यामुळे बाष्पीभवन मंदावले आणि तापमानात फरक पडला नाही." 'आर्द्रता' हा शब्द मी महिनाभर फळ्यावर लिहीत होतो. कोणाला त्याची गरज पडलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

साहेबांनी शेरेबुकात दोनच वाक्यं लिहिली: 'प्रयोग फसला. विद्यार्थ्यांना समजला.' दिवाळीआधी कायम झाल्याचं पत्र हातात आलं आणि सासऱ्यांनी पंचांग उघडलं. मुख्याध्यापक पुन्हा कधी माझ्या वर्गाच्या दारात उभे राहिले नाहीत. आवाज त्यांच्या खोलीपर्यंत येतच होता.

पुढे तीस वर्षं शिकवलं. एखादा गट फारच शुद्ध बोलायला लागला, की मी आधी स्वतः जाऊन पारा बघायचो.