लळिंगच्या पायथ्याचं भरीत

धुळ्यात देवपुरातल्या कॉलनीत भरीत म्हटलं की घरोघरी स्वयंपाक करणाऱ्या वच्छलाबाईंचंच नाव निघायचं. बामणोदची हिरवी वांगी, कपाशीच्या काड्यांची धग, लाकडी मुसळीनं ठेचणं, आणि मग ते ताटात पडेपर्यंत नुसती घाई. पानं मांडायला उशीर झाला तर त्या घरच्या मालकिणीलाही झापत. गार भरीत त्यांनी चाळीस वर्षांत कुणाला वाढलं नव्हतं. बाई तोंडाळ खऱ्या, पण भरताच्या लोभानं सगळ्या ऐकून घेत.

तर महिला मंडळाची लळिंगच्या किल्ल्यावर एक दिवसाची सहल ठरली. अध्यक्ष सुलक्षणाताई सहज बोलून गेल्या, "अक्का, तुम्हीपण चला वर." बोलणारी विसरून गेली, वच्छलाबाई विसरल्या नाहीत. त्यांचं माहेर लळिंगचंच. भाऊ शेळ्या घेऊन किल्ल्यावर जायचे, पोरींना मात्र पायथ्याच्या पुढे कुणी सोडत नसे. पंधराव्या वर्षी लग्न होऊन त्या धुळ्याला आल्या. आता एकसष्टी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले. यंदा नाही तर कधीच नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. महिनाभर रोज सकाळी कामावरच्या इमारतीचे तीन मजले त्या दोनदा चढत होत्या.

शेवटच्या बैठकीला जेवणाचं ठरवायला त्यांनाही बोलावलं. मंडळातली रत्ना म्हणाली, "वर चूल पेटवायला बंदी आहे. भरीत घरूनच करून नेऊ."

"थंडं भरीत?" वच्छलाबाई कडाडल्या. "ढोरेसले टाका मंग! पायथाले भाजसूत. उतरनूत का लगेच."

"उतरल्यावर चूल पेटवायची? भुकेनं मरू आम्ही."

सुलक्षणाताईंनी चुटकीसरशी तोड काढली. "मग अक्का खालीच थांबतील. आपण उतरायला लागलो की फोन करू. ताटात गरमागरम!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वहीत लिहूनही झालं, भरीत, पायथा, अक्का.

वच्छलाबाई वहीकडे बघत पुढे सरकल्या. "माले वर जानं शे, ताई. एक डाव देखनं शे."

"अहो, या वयात कुठे चढता? तुमच्यासाठी व्हिडिओ काढून आणू की." आपण किती काळजी घेतो, याचं ताईंना समाधानच वाटलं.

वच्छलाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "थंडं भरीत बी चांगलं लागस, ताई. घरूनच करीसन लई जाऊत."

क्षणभर कुणाला खरंच वाटेना. मग हॉलभर हशा उसळला. "ऐकलं का? अक्का म्हणतात, गार भरीत चांगलं लागतं!" हसून हसून रत्नाच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्या हसताहेत म्हणून वच्छलाबाईही हसल्या. आत लाजेनं त्यांचा जीव जात होता.

"बरं, पुढे," सुलक्षणाताईंनी वहीचं पान उलटलं. "ताक कोण आणतंय?"